रिकाम्या जागांचं टेबल

रत्नागिरीच्या कचेरीत माझी बदली झाली ती एकोणीसशे पन्नासच्या दशकात, आणि मला जे टेबल मिळालं त्याला सगळे 'रिकाम्या जागांचं टेबल' म्हणत. काम सोपं होतं. शहरात भाड्याची जागा रिकामी झाली की मालकाने आम्हाला लेखी कळवायचं. ती कुणा सरकारी नोकराला हवी असली तर साहेब तसा हुकूम काढणार, नसली तर मालक मोकळा. कायदाच तसा होता. मी मंडणगडहून आलो होतो, वय सव्वीस. बायको आणि आठ महिन्यांची मुलगी तिकडेच होत्या, जागा मिळाली की आणायच्या होत्या. निघताना बायको म्हणाली, "टेबलच तुमचं म्हटल्यावर आठवडाभरात मिळेल." मलाही तसंच वाटलं.

पहिल्या दिवशी रजिस्टर उघडलं. मागचे चार महिने कोरे होते. शेजारी बसणारे अव्वल कारकून पान जुळवत म्हणाले, "रत्नागिरीत भाडेकरू जातो, पण जागा रिकामी होत नाही. हळूहळू कळेल."

त्यांनीच मला गावातल्या भाड्यांचा इतिहास सांगितला. त्यांच्या तरुणपणी अर्ध्या घरांचे मालक मुंबईला आणि घरांना कुलपं. बंद घराला वाळवी लागते, म्हणून मालक ओळखीच्या माणसाची आर्जवं करत, की बाबा राहा, संध्याकाळी दिवा लाव, पावसाआधी कौलं तेवढी परतून घे. भाडं मागायची लाज वाटे. स्वराज्य आलं, तशा नव्या कचेऱ्या आल्या, शाळा वाढल्या, बदलीची माणसं एसटीतून ट्रंका उतरवू लागली. त्याच घरांना मग दोन खोल्यांचे सहा रुपये, पुढे आठ, पुढे बारा पडू लागले. मुंबईहून सुट्टीत येणाऱ्यांनी पागडी हा शब्दही आणला होता. "अजून घेत कुणी नाही," ते म्हणाले, "पण उच्चारून बघतात."

मी एका खाणावळीच्या माडीवर कॉट घेतली आणि कचेरी सुटली की जागा शोधू लागलो.

पहिली जागा एका निवृत्त शाळामास्तरांची. जांभ्याचं नीटनेटकं घर, मागच्या बाजूला दोन खोल्या आणि न्हाणी. मास्तरांनी मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि तोंडी परीक्षा घेतली. मूळ गाव कुठलं, माणसं किती, पाहुणे किती, मुलगी रडते का. मग त्यांनी आतून एक कागद आणून दिला. त्यावर सुवाच्य अक्षरात भाडेकरूसाठी एकवीस नियम होते. घरात मासे शिजवू नयेत, बाहेर खाऊन आल्यास अंगणातल्या नळावर चूळ भरावी, हे त्यातले दोन. मी सगळ्याला हो म्हटलं. खरं तर मासे सुटणार म्हणून मन खट्टू झालं होतं, पण दोन खोल्या समोर दिसत होत्या.

"उत्तम," मास्तर म्हणाले. "आणि नोकरी कुठल्या खात्यात?"

मी खातं सांगितलं. टेबलही सांगितलं.

मास्तरांनी माझ्यापुढचं पाण्याचं भांडं उचललं. मग म्हणाले, "असं आहे, जागा तशी रिकामी नाहीच. पुतण्या यायचा आहे."

"कधी?"

"येईल. पुतण्याच तो, येणारच."

पुढच्या महिनाभरात मी नऊ जागा पाहिल्या आणि नऊ पुतण्यांबद्दल ऐकलं. एका ठिकाणी तर म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको एकाच वेळी बोलले. ते म्हणाले पुतण्या, त्या म्हणाल्या भाचा. खोटं सांगायचं माझ्या मनात येई, पण गाव लहान. कोण कुठे बसतो हे दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात कळलेलं असे. मंडणगडला मी आठवड्याला पत्र टाकत होतो. तिसऱ्या पत्राच्या उत्तरात बायकोने विचारलं, "तुमचं टेबल नक्की कशाचं आहे?"

शेवटी कचेरीतल्या शिपायाने एक पत्ता दिला. समुद्राच्या बाजूला, मुसलमान वस्तीच्या कडेला एक माडीचं घर. मालक आगबोटीवर खलाशी, दोन वर्षांनी एकदा घरी येणारा. घरात त्याची बायको आणि म्हातारी आई. माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या. मी खालच्या पडवीत उभा राहिलो. दाराआडून ती बाई बोलली.

"तुमी मासली खाता?"

मास्तरांचे एकवीस नियम आठवले. "सोडू शकतो," मी म्हणालो.

"सोडू नका. मागचे भाडेकरी खायचे नाहीत. आमच्या चुलीचा वास वर जातो म्हणून रोज कुरकुर. मी त्यांना म्हटलं, समुद्रही हलवू का?"

मी खरं सांगून टाकलं की आम्ही खातो आणि आवडीने खातो. मग कचेरीचंही सांगितलं. न सांगता राहण्याचा कंटाळा आला होता. ती म्हणाली, "तुमची बायको शिकलेली हाय?"

"सातवी झाली आहे."

"मग भाडं बारा रुपये. आणि माझ्या माणसाची आलेली पत्रं तिने मला वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची."

खरं म्हणजे ही जागा आधी माझ्याच टेबलावर नोंदवायला हवी होती. मी तसं म्हणालो. तिने विचारलं, नोंदवली तर काय होईल? मी म्हणालो, महिनाभर कागद फिरेल आणि कदाचित दुसऱ्याच कुणाला मिळेल. "मग कशाला?" ती म्हणाली. याचं उत्तर मला यायला हवं होतं, त्याचाच मला पगार होता. मी जागा नोंदवली नाही आणि त्या रविवारी बायकोमुलीला घेऊन आलो.

तीन महिने सुखाने गेले. बायको तिला भाभी म्हणू लागली, ती बायकोला बाय आणि मला भाऊ म्हणू लागली. मुलगी भाभीच्या सासूबाईंचं बोट धरून चालायला शिकली. मग एके सकाळी टपालात एक निनावी अर्ज आला. अमुक घरातली माडी कचेरीला न कळवता भाड्याने दिली असून तीत त्याच कचेरीचा कारकून राहतो, तरी चौकशी व्हावी. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. अक्षर मी लगेच ओळखलं. एकवीस नियमांचा कागद अजून माझ्या ट्रंकेत होता.

असे अर्ज नोंदवण्याचं काम माझं. मी तो नोंदवला, क्रमांक दिला आणि अव्वल कारकुनांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"अर्जदार कोण असेल?" त्यांनी विचारलं.

"कल्पना नाही," मी म्हणालो. मास्तरांचं नाव घ्यायचं तर मी तिथे कशाला गेलो होतो, आणि त्यांची रिकामी जागा मी तरी का नोंदवली नाही, हेही सांगावं लागलं असतं.

"बरं. मग घरमालकिणीला नोटीस काढा."

मी माझ्याच घरमालकिणीला नोटीस लिहिली. "आपण कायद्याचा भंग केल्याचे समजते" हे वाक्य नेहमीचंच होतं, पण त्या दिवशी ते लिहायला वेळ लागला. संध्याकाळी ती मीच घरी नेली, आणि बायकोने ती भाभीला वाचून दाखवली, कारण दुसरं कोण वाचणार. भाभी म्हणाली, "अक्षर चांगलं हाय भाऊचं."

सुनावणीला ती चादर डोक्यावरून घेऊन आली, सोबत शेजारच्या गावी राहणारा शिकलेला दीर. साहेबांनी जागा का कळवली नाही म्हणून विचारलं.

"तुमाला ती कोणासाठी हवी होती, साहेब?"

"सरकारी नोकरासाठी."

"मग आत तोच हाय की. कुटुंबासकट हाय. तुमच्या कचेरीला जे महिनाभर लागलं असतं ते मी एका दिवसात केलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं. मग त्यांनी सांगितलेला हुकूम मी उतरवून घेतला. घरमालकिणीला समज देण्यात येत आहे. जागा सरकारी नोकर म्हणून सदर कारकुनास देण्यात येत आहे. आणि जागेचं वाजवी भाडं दरमहा दहा रुपये ठरवण्यात येत आहे. मला वेगळं बोलावून जी समज मिळाली ती मात्र लेखी नव्हती. तिच्यामुळे माझी एक वेतनवाढ लांबली. ते योग्यच होतं.

त्याच आठवड्यात मास्तर बाजारात भेटले. "मिळाली का जागा?" त्यांनी आपुलकीने विचारलं. मी मिळाली म्हणालो. पुतण्या आला का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "निघालाय."

घरी बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शब्द बारा रुपयांचा होता, आणि कागद करून घरात राहणाऱ्यानेच तो दहावर आणला, असं तिचं म्हणणं. मी तो हुकूम फक्त उतरवला होता, हे सांगून उपयोग नव्हता. एक तारखेला ती बारा रुपये घेऊन खाली गेली आणि दोन परत घेऊन आली. भाभी म्हणाली होती, "नको, बाय. परत कोणी अर्ज करील. आता मी कायद्यात हाय."

पण तिचं मन दुखावलं होतं, आणि ते आम्हाला कळलं ते पत्रातून. शुक्रवारी दुपारी भाभी सांगे आणि बायको लिहून घेई. त्या शुक्रवारी भाभी दाराकडे बघत सांगू लागली, "लिही, भाडेकरी माणसं बरी हायत. पण बाई न्हाणीत पाणी फार सांडते. पोर रडते. आणि भाऊने सरकारकडून भाडं कमी करून घेतलं." बायकोने खाली मान घालून सगळं लिहिलं. फक्त एकदा विचारलं, "पाणी फार, की थोडं?"

"फारच लिही," भाभी म्हणाली.

दीड महिन्याने कुठल्याशा बंदरातून उत्तर आलं. बायकोने वाचून दाखवलं. "पाणी सांडू दे, विहीर आपली आहे. लिहिणारीचं अक्षर चांगलं आहे, तिला दुखवू नको." वाचणारीनेच हे मधे घातलं की काय, अशी शंका भाभीला आली. रविवारी दीर आला तेव्हा तिने कागद त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतला. तेच होतं. संध्याकाळी तिने वर तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण पाठवलं, भांडं भरून.

आम्ही त्या माडीवर तीन वर्षं राहिलो. नव्या भाडेकरूंचे दर चौदा-पंधरावर गेले, मास्तरांच्या जागेतही शेवटी कुणी राहायला आलं, आणि आम्ही हुकमाप्रमाणे दहाच देत राहिलो. बदलीची चाहूल लागली तेव्हा बायकोने भाभीला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं. चार महिन्यांत ती जोडाक्षरांपर्यंत आली. आम्ही निघायच्या आदल्या शुक्रवारी तिने नवऱ्याला पहिलं पत्र स्वतः लिहिलं. कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. बायकोने चुका बघू का म्हणून विचारलं. भाभी नको म्हणाली, कार्ड पदराखाली धरलं आणि स्वतःच टपालपेटीत टाकून आली.