वेशीच्या आत लपलेला

माझी सासू अंबूबाई, म्हंजे आमच्या आत्याबाई. पोरं लपंडाव खेळाय लागली, की हातातलं काम टाकून अंगणात यायच्या. भाकरी करपली तर करपू दे! लपाय पळालेली पोरं मोजायच्या, अन् समदी बाहेर आल्याबिगर घरात पाय ठेवायच्या न्हाईत. मला लय राग यायचा. लोहगडाखालची चार घरांची वाडी आमची, पोरं जाऊन जाऊन जाणार कुटं?

एकदा मी तोंड सोडलंच. "आत्याबाई, भात काय पोरं कांडणार हायती?" त्यांनी सूप पुढ्यात वढलं. मग भात पाखडता पाखडता आपणहून सांगाय लागल्या, अन् मला मेलीला बोलल्याची लाज वाटली.

त्यांचं माहेर नवलाख उंबरे गावाकडलं. त्या नऊ वर्सांच्या असताना गावात उंदीर पडाय लागले, पलेग आला. समद्यांनी माळावर झोपड्या घातल्या. घरांत ऊन शिरावं म्हणून कौलं उतरून ठेवली, अन् वेशीच्या आत कुणी जायचं न्हाई अशी सक्त ताकीद. माळावर पोरांना दुसरा उद्योग काय? लपंडाव. त्या दिवशी राज्य अंबूवर. बोटांच्या फटीतनं तिनं बघितलं, तर सहा वर्सांचा भाऊ महिपती वेशीतनं आत पळाला. ओरडावं तर त्याला मार, आत जावं तर आपल्याला. ती वेशीशी जाऊन हळूच म्हणाली, "येऊ का?" आतनं आवाज आला, "ये." ती गेली न्हाई. घटकाभरानं तोच हसत बाहेर आला. "कुनाला सांगू नगं," म्हणाला. तिनं न्हाई सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, जांघेत गाठ आली. पाचव्या दिवशी पोरगं गेलं.

तवापासनं बंद घर दिसलं की आत्याबाईंना आतनं "ये" ऐकू यायचं. नवरी होऊन आल्या तवा ऐकलं, माझा नवरा पोटात असताना ऐकलं, भर दुपारी ऐकलं. "आयेला एकदा सांगाय पायजे," त्या म्हणाल्या, "पर तिनं तोंड फिरवलं तर?" त्यांची आई रतनबाई आमच्यातच असायची. अंबूबिगर तिला कुणी उरलं नव्हतं.

त्याच साली म्हातारीनं अंथरूण धरलं. नुसत्या पाण्यावर आली, तवा एका दुपारी आत्याबाईंनी तिच्या उशाशी बसून समदं सांगून टाकलं. मी पाण्याची वाटी घेऊन दारातच थांबले. म्हातारी डोळं मिटून ऐकत हुती.

"त्याला म्याच धाडलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"देव घरातच ऱ्हायलं हुतं अंबू. दिवा न्हाई, फूल न्हाई. मला घास गिळंना. बायामाणसांवर समद्यांचं ध्यान, पोरावर कोण बघतंय? म्हनलं, बाळा, खेळता खेळता जा अन् तेवढं फूल वाहून ये. कुनाला बोलू नगं."

आत्याबाईंनी म्हातारीचा हात धरून गदागदा हलवला. "तीस वर्सं! तीस वर्सं मी जळतीया! तू एका शब्दानं का न्हाई बोललीस गं आये?"

म्हातारीनं डोळं उघडलं.

"तू एकलीच उरली हुतीस," ती म्हणाली. "तूबी तोंड फिरवलं असतंस, तर?"