हात न जोडणारा भीमराज

उजव्या हाताची दोन बोटं गेली माझी, आणि नोकरी गेली भीमराजची. हे असं उलटं कसं झालं, ते मी नऊ वर्षांत धडपणे कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो. मध्ये अडवू नका. कुणी अडवलं की मी गप्प बसतो, तो माझा जुना रोग आहे.

मी उद्धव, चऱ्होलीचा. भावकीत वाटण्या झाल्या आणि माझ्या वाट्याच्या तुकड्यावर घर चालेना, म्हणून सहासष्ट साली पिंपरीत एका कंपनीत लागलो. कंपनीचं नाव घेत नाही, अजून तिथंच पोट भरतोय. काम प्रेसवर. पत्रा मशीनच्या तोंडात धरायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार येतो. हात आत जाऊ नये म्हणून पुढं लोखंडी जाळी असते. जाळी खाली असली की माणूस सुखरूप. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल तुम्हाला.

शेजारच्या मशीनवर भीमराज होता. देहूरोडचा, बौद्ध. उंच, काळासावळा, अंगावर कायम धुतलेला सदरा. बोलायचा कमी, पण बोलला की हसवून सोडायचा. पहिलं वर्षभर मी त्याच्या डब्याला हात लावला नाही. खोटं कशाला बोलू? घरची शिकवणच तशी. त्याला ते कळत होतं. एक दिवस डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "उद्धवा, बोंबलाची चटणी हाय. बाटायचं असंल तर चव घेऊन तरी बाट." हसू आवरेना मला. त्या दिवसापासून त्याच्या बायकोच्या, कस्तुराच्या हातचं मी सहा वर्षं खाल्लं.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं जो तो आपापल्या मशीनची पूजा करतो. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. सगळं शॉप फुलांनी भरून जातं. भीमराज काय करायचा? रॉकेलनं मशीन पुसायचा, तेलपाणी करायचा, असं लख्ख करायचा की तोंड बघून घ्यावं. आणि बाजूला उभा राहायचा. कुंकू नाही, नारळ नाही, हात जोडणं नाही. छप्पन साली बापाबरोबर धम्म घेतला तेव्हा वचन दिलंय, म्हणायचा. पेढा मात्र सगळ्यांच्या आधी घ्यायचा, लेकाचा!

आणि गंमत ऐका. माझ्या मशीनसाठी झेंडू कोण आणायचं? तोच. देहूरोडच्या बाजारात पहाटे जाऊन, ताजा बघून, सुतळीत ओवून आणायचा. मी एकदा विचारलं, "तुझा ह्याच्यावर विश्वास न्हाई, मग कशाला तडफडतोस?" म्हणाला, "तुझा हाय ना? तू जोड हात. मी आड येनार न्हाई. मी जोडत न्हाई, तू आड येऊ नकोस. संपलं." सात वर्षं कुणी आड आलं नाही. फोरमन यशवंतराव तेवढे कपाळाला आठ्या घालून त्या बिनकुंकवाच्या मशीनकडं बघायचे.

त्र्याहत्तरची खंडेनवमी. मशीनच्या आत, डायला म्हणजे खालच्या साच्याला कुंकू लावायचं म्हणून मी जाळी वर उचलली, आणि ती खाली येऊ नये म्हणून हाराच्याच सुतळीनं वर बांधून टाकली. पूजा झाली. भीमराज म्हणाला, "उद्धवा, आधी जाळी सोड." म्हटलं, "सोडतो रे." मग दसऱ्याची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला आलो. हार सुकला होता, जाळी वरच होती. दिसलं मला! आंधळा नव्हतो मी. पण सुकला तरी देवाचा हार, तोडून कसा टाकायचा? संध्याकाळी इंद्रायणीत सोडू, तोवर राहू दे, असं म्हणालो आणि काम सुरू केलं. तासाभरात बोटं गेली.

मला आठवतंय ते एवढंच, की भीमराजनं उडी मारून मशीन बंद केलं, खांद्यावरचा टॉवेल माझ्या हाताला आवळला आणि मला उचलून पळत सुटला. पळण्याआधी त्यानं जाळीची सुतळी हिसकून तोडली. तेव्हा मला वाटलं, घाईत हात लागला असेल.

दवाखान्यातून आलो तर शॉपमध्ये वेगळाच बोभाटा. एका मशीनची पूजा झाली नाही, त्याचा कोप शेजारच्यावर निघाला! यशवंतरावांनी अर्ज लिहून घेतला: भीमराज पूजा करत नाही तोवर त्याच्याबरोबर काम करणार नाही. अर्ज घेऊन ते चऱ्होलीला माझ्या घरी आले. म्हणाले, "बोटं तुझी गेली, तुझी सही पहिली पायजे."

जाळी मी बांधली होती. ते सांगितलं असतं तर हलगर्जीपणा म्हणून मलाच घरी बसवलं असतं. चार लेकरं, थोटा हात. मी डाव्या हातानं सही केली. वाकडीतिकडी, पण केली.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब शिकलेले, चष्म्यातून बघत बोलणारे. त्यांनी मला विचारलं, "जाळी जागेवर होती ना?"

मी हाताच्या पट्टीकडं बघत बसलो. यशवंतरावच म्हणाले, "जागेवरच असती साहेब." माझ्या तोंडाला काय कुलूप होतं? कुणी गळा धरला होता? एक शब्द, "नव्हती" एवढाच! नाही निघाला तोंडातून. भीमराज माझ्याकडं बघत होता, आणि मी पट्टीकडं.

साहेब भीमराजला म्हणाले, "माझा कोपाबिपावर विश्वास नाही. पण माणसं काम करत नाहीत, ते मला दिसतंय. तू एक नारळ फोड, हात जोड, विषय संपव."

"साहेब, ओव्हरटाइम सांगा, करतो. संडास धुवायला सांगा, धुतो," भीमराज म्हणाला. "पण हात कुणापुढं जोडायचे ते माझं मी ठरवनार. घटनेनं ते मला दिलंय आन् ह्या समद्यांनाबी दिलंय. आज मी भिऊन नारळ फोडला, तर त्यो नारळ खरा व्हईल का?"

साहेबांनी अर्ज त्याच्यापुढं केला. सगळ्या सह्या त्यानं सावकाश वाचल्या, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून हसला. "डाव्या हातानंबी बरी केलीस की रे," म्हणाला. तो माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. कामगारांत अशांतता पसरवली म्हणून त्याला काढून टाकलं. मला स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं.

काढलेला माणूस म्हणून त्याला दुसऱ्या कंपनीत कुणी उभं करेना. निघोज्याकडं खडीच्या खाणीवर जायचा, असं कळलं. धुळीनं छाती भरली आणि एकोणऐंशी साली तो गेला. कॅन्टीनमध्ये ऐकलं मी. हातातला चहा तसाच पिऊन टाकला. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

त्याच्या घरी जायला मला आणखी तीन वर्षं लागली. कस्तुरावहिनींनी ओळखलं, पाणी दिलं. मी उंबऱ्यातच बसलो आणि सगळं ओकलो: जाळी, हार, सही. रडलो. त्या ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मला ठावं हाय भावजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी त्यांच्या खिशात सुतळी सापडली, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेली. साह्यबाला दिसली तर उद्धवाला दोष लागंल म्हनून तोडून आनली, म्हनले. मी चुलीत घातली."

मला वर बघवेना.

"पुढं अर्ज निघाला तवा मी लई भांडले. म्हनलं, सांगा की समद्यास्नी! तर म्हनले, मी सांगून काय व्हनार, उद्धवा सांगंल. त्याच्या मनानं सांगू दे. काढल्यावरबी म्हनायचे, आज न्हाई तर उद्या ईल त्यो. खाणीवरनं आले की दारात बसायचे, तुमी बसलाय तितंच. वाट बघत."

मी उठलो तिथून. काय करू, जीव द्यावासा वाटला. म्हटलं, "वहिनी, काय करू सांगा."

"माझ्यापाशी सांगून काय? जितं सांगायचं हुतं तितं सांगा," त्या म्हणाल्या. "आन् लोक काय म्हनले ते मला येऊन सांगा. मला ऐकायचंय."

गेल्या खंडेनवमीला सांगितलं. सगळं शॉप पूजेला जमलं होतं. मी पेटीवर उभा राहिलो, थोटा हात वर केला आणि ओरडून सांगितलं: जाळी मी बांधली होती, हाराच्या सुतळीनं. कोप नव्हता, काही नव्हतं. भीमराजनं मला वाचवलं आणि मी त्याला मारलं. नऊ वर्षं जे निघालं नाही, ते निघायला दोन मिनिटं पुरली.

यशवंतराव कधीच रिटायर झालेत. साहेब बदलून गेले. अर्जावर सह्या करणारे कुणी वारले, कुणी सोडून गेले. समोर होती ती लातूर-बीडकडून आलेली नवी माणसं. ती एकमेकांकडं बघायला लागली. एकानं अदबीनं विचारलं, "काका, भीमराज कोण?" दुसऱ्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मला हाताला धरून पेटीवरून खाली उतरवलं.

चार दिवसांनी देहूरोडला गेलो. कस्तुरावहिनी दारातच बसल्या होत्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं, वहिनी. मोठ्यानं सांगितलं."

त्यांनी डोळे पुसले. जरा पुढं सरकून बसल्या. "मग? काय म्हनले लोक त्यांच्याबद्दल?"

मी माझ्या हाताकडं बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मी पुन्हा गप्प बसलो.