एकाच गोलची जाळी

३१ मे, रविवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. ठिकाण: शिवाजी पेठेतलं आमच्या तालमीचं मैदान.

हजर: पेठेतल्या अकरा मुली, त्यात गोलकीपर माझी लेक, वय पंधरा. इचलकरंजीहून टेम्पोतून आलेल्या तेरा मुली. माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, शुक्रवारपासून मुक्कामाला. तालमीचे आण्णा, ज्यांच्या कमरेला मैदानाच्या खोलीची किल्ली असते. शिट्टीवाला एक जण. तो दोन्हीकडच्या कुणाचा काका-मामा लागत नाही याची मी आधीच चौकशी केली होती. आणि मी, वही आणि टेप घेऊन.

गैरहजर: लेकीचे बाबा, पहिल्या पाळीला गेलेले. आणि एक जाळी. तिचं पुढे सांगते.

मी एका कॉलेजच्या स्टोअरमध्ये काम करते. नग मोजायचे, नोंदवायचे, कमी पडले तर आधी कळवायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी मी फ्रिजवर सुट्टीची यादी लावली. अकरा कलमं. पोहणं, टायपिंग, चपात्या, बँकेचे फॉर्म भरणं, पंधरा दिवस आक्काकडे काम, एक दिवस नृसिंहवाडी, वगैरे. लेकीनं ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाली, "आई, ह्यात सुट्टी कितव्या नंबराला हाय?"

तरी एप्रिलच्या मध्याला ती मुकाट्यानं इचलकरंजीला गेली. आक्काच्या घरी आठ माग आहेत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसते. त्या कांड्या भरायचं काम आक्का आणि दोन बायका बघतात. तिथं भाची म्हणून लाड झाले नाहीत. सकाळी आठला शेडमध्ये, दुपारी जेवायला तासभर सुट्टी, परत शेड. कांडी भरताना सूत तुटतं, ते तुटलं की क्षणात सांधायचं. त्याची एक गाठ असते, बारीक आणि घट्ट, ओढली तर आणखी आवळणारी. पहिले चार दिवस लेकीच्या गाठी सुटत होत्या. आक्कानं मला फोनवर सांगितलं, "तुझी लेक गोलात काय पकडती देव जाणे, हिच्या हातात सूत ऱ्हात न्हाई." आठव्या दिवशी परत फोन. "आता न बघता बांधती. तुझ्यावर न्हाई गेली."

संध्याकाळी ती तिथल्या मुलींबरोबर खेळायची. शाळेच्या मागं मोकळी जागा, गोल म्हणून दोन बाजूला चपला. ह्या पोरीनं तिथं जे बोलायला नको ते बोलून ठेवलं. "चपलांत काय खेळताय? पेठेत या. खऱ्या मैदानावर खेळू, जाळीच्या गोलात." त्यांनी तारीखही ठरवली. मे महिन्याचा शेवटचा रविवार.

परत आल्यावर ती आण्णांकडे गेली. मी भाजी घेऊन येत होते, त्यामुळे हे सगळं मी कानांनी ऐकलं.

"आण्णा, एकतीस तारखेला मैदान पायजे. इचलकरंजीच्या पोरी येणार हायत."

"येऊ देत की. कडंला खेळा."

"कडंला न्हाय. मधी. जाळी लावून."

"जाळी पोरांची हाय. वर्गणी काढून आणलीया. फाटली तर तुझा बा शिवत बसणार व्हय?"

"मग आम्ही आमची आणली तर?"

आण्णा हसले. त्यांना वाटलं विषय संपला. "आण की! तुमची जाळी लागली तर मैदान तुमचं. न्हाय लागली तर कडंला चपला मांडायच्या. काय?"

"ठरलं," लेक म्हणाली.

घरी तिचे बाबा म्हणाले, मागवून टाकू, चार दिवसांत दारात. ती ऐकेना. "विकत आणली की म्हणणार, बानं घेऊन दिली. मी बांधतो की." आमच्याकडे मुलीही अशाच बोलतात, करतो, जातो. कशी बांधणार, हे तिलाही माहीत नव्हतं. पण इचलकरंजीच्या तेरा पोरींना शब्द देऊन बसली होती, आणि तो मोडला तर परत चपलांचा गोल, तोही आपल्याच पेठेत, पाहुण्यांसमोर.

कलम सातवं, नृसिंहवाडी, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी उरकलं. दर्शन झालं, कवठाची बर्फी घेतली, नावेतून पलीकडे गेलो. पलीकडच्या काठावर एक म्हातारे मामा झाडाखाली बसून मासे धरायचं जाळं सांधत होते. हातात बांबूची चपटी सुई, तिच्यावर दोरी गुंडाळलेली. लेक त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली ती हलेचना. मग एकदम ओरडली, "आई, ही तर आक्कामावशीची गाठ!"

मामांनी मान वर केली. "कुणाची का असंना. सुटती का बघ."

तिनं ओढून बघितली. सुटली नाही. मग तिथंच मांडी घालून बसली आणि त्यांच्याकडून सुई घेऊन तिनं एक ओळ पुरी केली. मामांनी जाळं परत मागितलं नाही. फुटबॉलची जाळी म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली.

"माप काय?"

ते माझं खातं. आदल्याच दिवशी गोलचे खांब मी टेपनं मोजून ठेवले होते. वही उघडली. "चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच."

"आन् पोट किती सोडायचं?"

"पोट-बिट काही नको मामा," मी म्हणाले. "मापात पाहिजे. मी इंच न् इंच मोजलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि लेकीसाठी बांबूची एक सुई तासायला बसले. निघताना त्यांनी तिला फोन नंबर दिला. अडलं तर लाव म्हणाले. मला नाही दिला.

दोरी तिनं कांडीच्या कामाच्या पैशांतून आणली, पांढरी नायलॉनची. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला पहिली ओळ बांधली. एका ओळीत एकेचाळीस गाठी, ओळी सत्तावीस. एका जाळीला अकराशे सात. दोन गोल, म्हणून दुप्पट. मी तक्ता केला: रोज कुणी, किती वाजता, किती गाठी. टीममधल्या मुली दोघी-दोघी यायच्या. लेकीनं सगळ्यांना गाठ शिकवली. जिची गाठ सुटायची तिला ती आक्काच्याच आवाजात म्हणायची, "हातात सूत ऱ्हात न्हाई तुझ्या."

पहिली जाळी वेळापत्रकाच्या एक दिवस आधी झाली. मी तक्त्यावर लाल पेनानं खूण केली. लेक म्हणाली, "आई, एकदा लावून बघूया की."

मी म्हणाले, "आधी दुसरी संपवा. दोन्ही एकदम लावू. एकच हेलपाटा."

अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, दुसरीच्या वीस ओळी झाल्या होत्या. त्या दिवशी मुलींनीच हट्ट धरला. सकाळी पहिली जाळी मैदानावर नेली, खांबाला आणि वरच्या आडव्या पाइपला बांधली. टेप लावायची गरज नव्हती, इतकी ती चपखल बसली. चारी बाजूंनी ताठ. मला फार बरं वाटलं.

लेकीनं बॉल मारला. तो जाळीवर आपटला आणि तितक्याच जोरात मैदानात परत आला. तिनं परत मारला. परत आला. बाजूला पोरांचा सराव चालू होता, ती सगळी थांबली.

"काकू, जाळी हाय का बाज विणलीया?"

"आवं झोपायला द्या की आमाला!"

जाळीला मागं पोट लागतं. बॉल आत गेला की मागं खोल जाऊन त्यात पडला पाहिजे. मी गोलचं तोंड मोजलं होतं. गोलची खोली माझ्या वहीत कुठंच नव्हती.

लेकीनं तिथूनच मामांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मी इचारलं हुतं की तुज्या आईला. ताणलेल्या जाळ्यावर मासा बी आपटून माघारी जातोय."

बाकीच्या दहाही मुली माझ्याकडे बघायला लागल्या. लेक तेवढी बघत नव्हती. ते मला जास्त लागलं. "चूक माझी," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी वही घेऊन बसले. दुसरी पुरी करून दोन्ही जराशा ढिल्या बांधता येतील का, याचा हिशोब मांडत होते. तेवढ्यात लेकीनं खिडकीवरून दुसरी जाळी उतरवली, फरशीवर पसरली आणि कात्री घेतली.

"थांब," मी म्हणाले. "आठशे वीस गाठी आहेत त्या."

"आई, मोजू नकोस. ढिली बांधली तर खाली पुरत न्हाई. पहिली मागं न्हेऊ, हिच्यातनं दोन बाजू आणि वरचा पट्टा होतोय. एक तरी गोल नीट होऊ दे."

आणि तिनं कापली. कापलेली टोकं एक जण मेणबत्तीवर चटकावून बसवत होती. मी कडेला बसून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला ओरडावंसं वाटत होतं. पण तिचा हात एकदाही थांबला नाही. तीन तुकडे बरोबर पडले. माप न घेता.

शुक्रवारी आक्का एसटीनं आली. पिशवी ठेवायच्या आधी तिनं जाळी हातात घेतली. "कुणी बांधलीया ही ओळ? तूच न्हवं?" मीच बांधली होती. तिनं माझ्या बारा गाठी सोडून परत बांधल्या. कमी पडलेल्या ओळी आक्का आणि लेकीनं पुऱ्या केल्या, बाकीच्यांनी तुकडे मुख्य जाळीला सांधले. मी चहा केला, आणि पोट बांधायला मागं रोवायचे दोन बांबू आणले. कुणीही मला ते किती लांबीचे पाहिजेत हे विचारलं नाही. लेकीनं सांगितलं आणि मी आणले.

शनिवारी संध्याकाळी पाचला जाळी लागली. बॉल आत गेला, मागं खोल गेला, घरंगळत खाली आला आणि तिथंच थांबला. मुली इतक्या ओरडल्या की आण्णा खोलीतून बाहेर आले. त्यांनी जाळीभोवती एक फेरी मारली. एका गाठीत बोट घालून सगळं वजन टाकून ओढलं.

"दुसरी कुठाय?"

"एकच झाली," लेक म्हणाली. "अर्ध्या वेळेला बाजू बदलत्यात की, आण्णा. दोघींनाबी सारखंच."

आण्णांनी पलीकडच्या उघड्या गोलकडे बघितलं. मला वाटलं, आता चपला. ते किल्ली काढून म्हणाले, "तिकडं पोरांची लावू?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याआधी लेक म्हणाली, "नको. उघडाच असू दे. आमची हुईल तवा लावू."

आण्णांनी किल्ली परत कमरेला खोचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही कुणावर गेलीया ओ?" आक्का शेजारीच उभी होती.

तर रविवार. नाणेफेकीत जाळीचा गोल पहिल्या डावात लेकीच्या वाट्याला आला. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, इचलकरंजीच्या एका काटकुळ्या मुलीनं लांबून मारला. लेक झेपावली, बोटं लागली नाहीत. बॉल आत गेला, पोटात खोल बसला आणि राहिला. माझी लेक उठली, मागं वळली, जाळीवरून हात फिरवला आणि हसायला लागली.

"अगं, गोल खाल्लास!" आमची एक बॅक किंचाळली.

"खाल्ला की! पण बघ, भाईर आला का?"

ज्या मुलीनं गोल केला तीही पळत आली आणि जाळीला बोट लावून बघून गेली. कडेला आक्का तिच्या गावच्या मुलींना सांगत होती, "मी शिकवलीया गाठ. आमच्याच शेडातली हाय." मी जाळीकडेच बघत होते, आणि वहीत पहिल्या गोलची वेळ लिहायची राहून गेली.

दुसऱ्या डावात आमच्या मुलींनी त्याच जाळीत एक घातला. एकास एक. मग शेवटच्या पाच मिनिटांत उघड्या गोलकडे, खांबाला घासून त्यांचा बॉल गेला तो थेट रस्त्यावर, एका रिक्षाखाली. आतून गेला की बाहेरून, यावर मैदानभर भांडण. शिट्टीवाल्यानं गोल दिला. आमच्या मुली अजून म्हणतात बाहेरून गेला. जाळी असती तर भांडायचं कारणच नव्हतं. एकास दोन, आम्ही हरलो. जाताना टेम्पोतून त्या मुली ओरडल्या, "पुढच्या येळंला दोन्हीकडं लावा!" लेकीनं हात वर केला.

आता ती अकरावीला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी सराव, मैदानाच्या मध्यभागी, आठवड्यातून दोनदा; आण्णा स्वतः खोली उघडून देतात. फ्रिजवरची यादी मी काढणार होते. बघते तर अकराव्या कलमाखाली तिच्या अक्षरात बारावं: "दुसरी जाळी. आई. पोट सोडून."

बांबूची सुई ती माझ्यासाठी खिडकीत ठेवून गेली आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत माझ्या सात-आठ गाठी होतात, त्यातल्या दोन ती आल्यावर सोडते. काल मोजलं. नऊ ओळी झाल्यात. अठरा राहिल्यात, शिवाय दोन बाजू आणि वरचा पट्टा.