मायची किडनी आणि उजूचं अंग

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटत होते, तेव्हा फोन आला. उजूच्या आईचा. मावशी स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून नाव दिसताच मी मिरचीवाल्यांच्या गर्दीतून बाजूला झाले. मावशी एवढंच म्हणाली, "उजू गेली वं बाई. तू ये." अकोल्याला कशी पोचले ते नीट आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की सगळ्या रस्त्याने मी मनात कुणाला तरी शोधत होते... जबाबदार कोण, निवेदन कुणाच्या नावाने द्यायचं, घोषणा कुणाच्या विरोधात. आमच्या संघटनेच्या कामाची ही सवयच आहे. उजूच्या बाबतीत नावच सापडेना. ते अजूनही सापडलेलं नाही, आणि त्याचा राग गेलेला नाही. मग हा लेख लिहायला बसले. पत्रकाशिवाय दुसरं काही लिहायची मला सवय नाही, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

उजू म्हणजे उज्ज्वला. बडनेऱ्याची. वडील रेल्वेत होते, ती शाळेत असतानाच वारले, त्यांच्या जागी आईला नोकरी मिळाली. आमची ओळख अमरावतीला झाली, मी एम.ए. करत होते आणि ती झूलॉजीत एम.एस्सी. करत होती तेव्हा. मी वसतिगृहाच्या गेटवर मेसच्या जेवणावरचं पत्रक वाटत होते. एका पोरीने ते घेतलं, तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. "भारी लिहिलं. पण तू काही बोलत काहून नाही? रोज येते, कागद कोंबते, चालली." मी म्हणाले, कागदच बोलतो. ती हसली. "कागद बोलत असता तर नुसतं पुस्तक घेऊन सगळे पोट्टे पास झाले असते ना बाप्पा."

मग मेसच्या पायरीवर बसून तिने मला पहिल्यांदा टी पेशींबद्दल सांगितलं. रक्तातल्या या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे पहारेकरी, एवढं शाळेत शिकले होते. तिने सांगितलं ते असं. "आमच्या गल्लीतले कुत्रे पाह्य. जे पिल्लू घरच्याच माणसाले चावते, त्याले लहानपणीच दूर नेऊन सोडतात. अंगातबी तसंच आहे. छातीच्या हाडामागं थायमस नावाची बारकी गाठ असते. तिथं या पेशी वाढतात, अन् ज्या आपल्याच अंगावर धावतात त्या बहुतेक तिथंच मारल्या जातात. पण काही सुटतात. त्या बाहेर फिरत असतात अन् एखादी ओळखीची खूण त्यायले दिसते. आता नीट आयक. नुसती खूण दिसून भागत नाही. शेजारच्या पेशीनं दुसरा इशारा द्यावा लागते, की हे धोक्याचं आहे. खूण दिसली अन् इशारा नाही आला, तर ती पेशी बधिर होते. मंग पुढं तीच खूण दिसली तरी ती बहुतेक गप्पच राह्यते."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! तू लोकायले रोज खूण दाखवून राहिली अन् इशारा देऊन नाही राहिली. पूर्ण हॉस्टेल बधिर केलं तू, लीडर."

तेव्हापासून ती मला लीडरच म्हणायची. आणि तेव्हापासून आमच्या संघटनेत एक पद्धत पडली, जी नव्या पोरांना आजही विचित्र वाटते. पत्रक देताना समोरच्याच्या डोळ्यात बघून एक वाक्य बोलायचं. एकच, पण त्या माणसाला लागू पडणारं. ज्याला वाक्य सुचत नाही त्याने पत्रक द्यायचं नाही. ही पद्धत कुठल्या शिबिरातून आलेली नाही, बडनेऱ्याच्या एका झूलॉजीवालीकडून आली आहे, हे इथे लिहून ठेवते.

भांडणही झालं आमचं यावरून. तिला पुढे याच विषयात संशोधन करायचं होतं, अंगाला एखादी गोष्ट सहन करायला कशी शिकवायची. मी चिडले. म्हटलं, सहन करायलाच शिकवलं ना आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या? आता तू पेशींनाही तेच शिकवणार? तिने शांतपणे चहा संपवला. "मी पेशीबद्दल बोलून राहिली. माणसाचं तू पाह्य. सगळ्यात तुहं भाषण घुसवू नको." मला आजवर इतकं स्वच्छ कुणी गप्प केलेलं नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिला पीएच.डी.ला जागा मिळाली. जायच्या आधी पाय सुजले, चेहरा सुजला. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तिच्याच पेशींनी तिच्याच किडन्यांवर हल्ला केला होता. हे सांगताना ती रडली नाही. उलट म्हणाली, "पाह्य ना, सुटलेलं पिल्लू निघालं एखादं." मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडले. मग डायलिसिस, आठवड्यामागून आठवडे, आणि शेवटी मावशीने किडनी दिली. ऑपरेशनच्या आधी मावशीला एकच काळजी. मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "माही जुनी किडनी तिच्या अंगाले चालन का वं?" मी म्हटलं, मायची आहे, चालणारच. हे मी पत्रकासारखंच बोलले होते, पुरावा नसताना.

ऑपरेशन झालं, किडनी चालू लागली, आणि गोळ्या सुरू झाल्या. जन्मभराच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दुसऱ्याची किडनी बसवली की अंग तिला परकी समजून मारायला निघतं. म्हणून गोळ्या देऊन पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. उजूच्या भाषेत, एक नवा भाडेकरू राहायला आला म्हणून गल्लीतल्या सगळ्याच कुत्र्यांना झोपेचं औषध. भाडेकरू सुखाने राहतो, पण चोर आला तरी भुंकायला कुणी नसतं. "मले काय पाह्यजे माहीत आहे का," ती म्हणायची, "फक्त या एका भाडेकरूपुरते ते गप्प राह्यले पाह्यजे. बाकी सगळ्यायवर भुंकू दे. तेवढं जमलं ना, तर गोळ्याच नको." हेच तर तिला पुण्यात शोधायचं होतं. प्रयोगशाळेत, गर्दीत, दूर एकटं राहणं डॉक्टरांनी नको म्हटलं. "पुढच्या वर्षी" असं ती दर वर्षी म्हणत राहिली, आणि अकोल्याच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत राहिली. खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, आवाज खणखणीत. मावशी नोकरी सोडून तिच्याजवळ राहायला आली.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे धर्मच. एकटं कुणी जात नाही, जीप भरून जातात. मावशीने उंबऱ्यापाशी आडवी खाट टाकली होती, त्यापलीकडे कुणी यायचं नाही, बोलायचं ते अंगणातून. भातकुलीचा मामा एकदा रागावून तसाच उभा राहिला. "आमी का परके हाव?" उजू आतून ओरडली, "मामा, माह्या अंगाले तर मायची किडनीबी परकी वाटते, तुमी कोन लागून गेले? बसा तिथं. चहा देतो." मामा आधी फुगला, मग इतका हसला की अंगणातल्या खुर्चीवरून उठेचना. तो गेल्यावर उजू मात्र बराच वेळ खाटेवर हात ठेवून बसली होती. "लोकं जवळ आले पाह्यजे यार," म्हणाली. "मले गर्दी आवडते."

सरकारी दवाखान्यात या गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा आम्ही अमरावतीला धरणं धरलं. उजू आली. मी तिच्यावर धावून गेले, तुला वेड लागलं का म्हणून. ती गर्दीपासून लांब, लिंबाखाली उभी राहिली. अधिकारी बाहेर आले तेव्हा मास्कमधूनच एक वाक्य बोलली, "साहेब, तुमच्या स्टोअरमधी नाही ते माह्या मायच्या पोटातून काढलेल्या किडनीले पाह्यजे आहे." गोळ्या आल्या. मग पुन्हा संपल्या, पुन्हा आल्या. या ये-जा करण्याला व्यवस्था म्हणतात... असो. इथे भाषण नको.

तिला नेलं ते या टंचाईने नाही. गोळ्या तेव्हा घरात होत्या. साधा खोकला झाला, मग ताप, मग फुप्फुसं. चोर आला आणि गल्ली झोपलेली होती. एवढंच.

गेल्या रविवारी मावशीकडे गेले. उंबऱ्यातली खाट काढून भिंतीला लावलेली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मावशी पदराने तोंड पुसून म्हणाली, "खरं सांगजो. तू खोटं बोलत नाही. माहीच किडनी कमजोर निघाली ना?"

महिनाभर ही बाई हे पोटात घेऊन बसली होती. मी म्हणाले, "नाही मावशी. फुप्फुसं हरली. किडनी नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं, ती शेवटपर्यंत काम करून राहिली होती."

"मंग तिच्या अंगानं घेतली होती माही किडनी आपली म्हणून?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. किती सोपं होतं. पण मला उजूचे डोळे दिसले. "नाही," मी म्हणाले. "घेतली नव्हती. गोळ्यांनी गप्प बसवलं होतं. अंगाला आपलं म्हणायला शिकवता येतं का, तेच तर तिला शोधायचं होतं."

मावशीने विचारलं, "दुसरे कोनी शोधून राहिले का?"

"हो. पुष्कळ जण."

ती उठली. ओट्यावर पातेल्यात उकळून गार केलेलं पाणी होतं. उजूला साधं पाणी चालत नसे, म्हणून रोज सकाळी उकळायची, आणि अजूनही रोज उकळते. मला एक ग्लास दिला, एक स्वतः घेतला. "तुहे कागद घेऊन सगळीकडं हिंडते ना तू," ती म्हणाली. "त्या शोधनाऱ्यायले भेटली तर सांगजो... जरा घाई करा म्हना."