बिनछपराचा मठ आणि आमचे मामा

साऱ्या आखातात पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामांचा धंदा वॉटरप्रूफिंगचा. ढग दिसला तर लोक कौतुकाने फोटो काढतात अशा दुबईत मामांनी उभा जन्म गळत्या थांबवण्यात घालवला आणि त्यावर अल मनखूलमध्ये झकास संसार केला. कुणाच्याही घरी गेले की ते यजमानाकडे नंतर बघतात, आधी छताकडे. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी उभे राहून ते हॉलच्या छतावरचा एक ओलसर डाग न्याहाळत होते. शेवटच्या अक्षता पडल्याबरोबर मला पहिला आशीर्वाद मिळाला तो असा: "जावईबापू, वर बाथरूम आहे वाटतं."

मामांना एकुलती एक लेक. ती इंग्लंडला शिकायला गेली त्याच आठवड्यात मामांनी आपल्या व्हॅनवर कंपनीच्या नावाखाली लाल रंगात 'अँड डॉटर' लिहून घेतलं. "सगळी दुनिया 'अँड सन्स' लिहिते," ते म्हणाले, "आपली लेक कुठल्या सन्सपेक्षा कमी आहे?" तिने परत यावं आणि धंदा हाती घ्यावा, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्यात देवाकडे मागितलं. पावसाचं सोडून.

तिच्या पदवीदान समारंभाला मामा-मामी गेले. दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना उत्तर इंग्लंडातला एक जुना मठ दाखवायला नेलं. नदीकाठची हिरवी दरी, आभाळात गेलेले दगडी खांब, रिकाम्या कमानी आणि पायाखाली मऊ गवत. माणसं कुजबुजत फिरत होती. तिथे, सगळ्यात उंच कमानीखाली उभं राहून लेक म्हणाली, "बाबा, आय ऍम नॉट कमिंग बॅक." तिला तिकडेच नोकरी लागली होती. मामी सांगतात, मामांनी बराच वेळ वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "छप्पर कुठाय?"

छपराची कथा त्यांना तिथल्या गाईडने सांगितली. पाचेकशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाचं पोपशी बिनसलं. त्याने देशातले सगळे मठ बंद केले, साधूंना बाहेर काढलं आणि छपरांवरचे शिशाचे पत्रे वितळवून नेले. मामा दुबईला परतले ते ही फिर्याद घेऊनच. "शिसं काढलं की पाणी आत. पाणी आलं की लाकूड खलास. लाकूड गेलं की कमानी खलास. हबीबी, हा सरळ मर्डर आहे." बर दुबईहून क्रीकच्या खाडीपलीकडे जाणाऱ्या अब्रा होडीत त्यांनी हा प्रकार इतक्या तळमळीने सांगितला की समोरच्या पठाणाचे डोळे भरून आले. "कब हुआ, चाचा?" त्याने विचारलं. "पाँचसौ साल हो गया," मामा म्हणाले. पठाणाने तरीही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढे मठ आमच्या घरातच राहायला आला. ते साधू जेवताना बोलत नसत, खुणांनी मागत, हे कळल्यावर मामांनी रविवारच्या जेवणाला मौन धरलं. आता मामांचा आवाज असा की ते अल मनखूलमध्ये हळू बोलले तर पार अबुधाबीच्या खलिफा सिटीतली माणसं 'काय झालं?' म्हणून फोन करतात. मासा हवा असला की साधू शेपटीसारखा हात हलवत. मामांनी सुरमईसाठी अशी काही शेपटी हलवली की सोलकढीचं भांडं माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं. "तोंडाने मागा," मामी म्हणाल्या, "नाहीतर साधूंकडे जेवायला जा."

मग मामांनी मठाचा जीर्णोद्धार काढला. आपल्याकडे पडकं देऊळ दिसलं की ठरलेलं असतं: नवं छप्पर, चकचकीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी. मीना बाजारातल्या एका कापडवाल्याने पडदे कबूल केले, एका केटररने महाप्रसाद. छप्पर अर्थात मामांचं, दहा वर्षांच्या गॅरंटीसकट. आता तिकडच्यांशी बोलणं करून देणार कोण, तर लेक. खरं तर त्या दोघांचं बोलणं जवळपास थांबलं होतं. मामा 'कधी येतेस?' विचारायचे, ती "बाबा, प्लीज" म्हणायची आणि फोन ठेवायची.

तरी तिने मठाची देखभाल करणाऱ्या बाईंना गाठून व्हिडिओ कॉल लावून दिला. आम्ही सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. बाई पिवळा रेनकोट घालून भर पावसात उभ्या, शेजारी छत्री धरून लेक. बाईंनी मामांचा सगळा प्लॅन ऐकून घेतला आणि शांतपणे सांगितलं की पडलेलं आम्ही पुन्हा बांधत नाही. आहे ते आणखी पडू देत नाही, एवढंच आमचं काम.

"आणि वरून पाणी येतं त्याचं काय?" मामांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, भिंतींच्या माथ्यावर आम्ही गवत लावतो. पाणी ते पितं, भिंत वाचते.

मामांनी सवयीने छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, भिंतीवरचं गवत उपटायचे मी इकडे पैसे घेतो."

छत्रीखाली लेक खळखळून हसली. मामींनी पदर डोळ्यांना लावला. 'कधी येतेस?' हा प्रश्न मामांच्या ओठांवर आलेला मी स्वतः पाहिला. त्यांनी तो गिळला आणि विचारलं, "कुठलं गवत असतं गं ते?"

त्या दिवसापासून दर रविवारी फोन असतो. मौन मोडलं, सुरमई तोंडाने मागितली जाते.

गेल्या महिन्यात मी मामांबरोबर व्हॅन रंगवायला गॅरेजमध्ये गेलो होतो. उन्हाने 'अँड डॉटर'चे पोपडे निघाले होते. पेंटरने विचारलं, "सेठ, खुरच के निकालूँ या नया लिखूँ?" मामांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला. थोडा लाल रंग बोटांना लागला.

"दोनों नहीं. ऊपर ट्रान्स्परंट कोट मार."

"लेकिन सेठ, ये तो ऐसाही टूटा-फूटा दिखेगा."

"दिखने दे. इसके आगे नहीं टूटना चाहिये."

परतताना क्रीकवर चांगला काळाभोर ढग आला होता. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मामांनी एकदाही वर पाहिलं नाही. ते फोन कानाला लावून हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, विचारत होते, "तिकडे पाऊस आहे का गं? भिंतीवरचं गवत धरलंय ना?"