आईचा बेडका

आमच्या घरात खोकला हा आजार समजला जात नव्हता, तो धंद्याचा भाग होता. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या वाटेवर आमचं हार-नारळ-पेढ्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत आई खवा आटवायची. भट्टीत कापसाच्या पऱ्हाट्या जळायच्या. त्या ओल्या निघाल्या की खोलीत माणूस दिसायचा नाही, नुसता खोकला ऐकू यायचा. खोकताना आई तोंड भिंतीकडे करायची, पदर लावायची आणि दुसऱ्या हातानं उलथनं फिरवत राहायची. देवाच्या प्रसादावर आपला श्वाससुद्धा पडू नये, असा तिचा नेम होता. वडील म्हणायचे, "भट्टीचा खोकला हाय. भट्टी बंद तर खोकला बंद." भट्टी काही बंद झाली नाही, त्यामुळे हे खरं की खोटं ते कोणाला कळलं नाही.

माझ्या खोकल्याला मात्र घरात जागा नव्हती, कारण माझं लग्न ठरलेलं होतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी बारावी होऊन घरी बसले होते. मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला, घर बरं, माणसं बोलकी. सुपारी फुटली होती आणि लग्न उन्हाळ्यात धरायचं होतं. थंडी पडली तसा मला खोकला लागला, तो जाईना. संध्याकाळी अंग तापायचं. पाहुणे येणार असले की आई मला न्हाणीत पाठवायची आणि सांगायची, "काय खोकायचं ते इथंच खोकून घे. भाईर बिलकुल आवाज नको." मी बादलीत पाणी ओतायची आणि त्या आवाजात खोकायची. लग्नाच्या वयाची मुलगी, आणि तिला खोकायची चोरी! आजही चारचौघांत खोकला आला तर मी उठून आत जाते. घरातले हसतात. मला हसू येत नाही, लाज वाटते, आणि ती कशाची ते त्यांना सांगत बसत नाही.

त्याच हिवाळ्यात शहरातल्या एका मेडिकल कॉलेजचं पथक गावात आलं. गावागावांत किती लोक खोकतात आणि त्यातल्या किती जणांना टीबी आहे, याचा अभ्यास चालला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना घरं दाखवायला आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई बरोबर होत्या.

"तीन आठवड्यांच्या वर खोकला असलेलं घरात कोणी?"

"कोणी न्हाई," आई म्हणाली. तिला स्वतःलाच उबळ आली होती, ती तिनं डोळ्यांत पाणी येईस्तोवर दाबली. आणि नेमकी मी आतून खोकले.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं, एक छोटी झाकणाची डबी दिली आणि समजावलं, "नुसती थुंकी नको. छातीतून आलेला बेडका पाहिजे. एक आत्ता, एक उद्या सकाळी उठल्या उठल्या." बेडका हा शब्द इतक्या शिकलेल्या बाईच्या तोंडून ऐकून मीच खाली बघितलं.

मी डबी घेऊन घरामागं गेले. मागोमाग आई आली.

"इकडं आण ती."

"काऊन?"

"तुझ्यात काही निघालं तर लगन मोडंल. माझा भट्टीचा खोकला हाय. त्यात काय निघंल? लई तर धूर निघंल."

मला हसू फुटलं. आईनं भिंतीला हात टेकून जोर केला, डबीत बेडका टाकला, झाकण लावलं, डबी पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आईच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्ही पाळण्यातून ऐकत आलेलो.

काही दिवसांनी दोघी परत आल्या. डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बसवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "तुझ्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडले. घाबरायचं नाही. पूर्ण बरा होतो."

आत उलथनं थांबलं. खवा खाली लागला, त्याचा करपलेला वास दुकानापर्यंत आला, तरी आई उठली नाही. वडील पायरीवर बसले आणि त्यांनी डोकं धरलं. ते माझ्याकडे बघत होते. मी आईकडे बघत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तेही गणपतीच्याच गावात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघीच असताना आई म्हणाली, "सांगून टाकते. माझा हाय म्हणून." मग म्हणाली, "पण कोणत्या तोंडानं सांगू? दर चतुर्थीला हजारो लोकान्ला पेढे खाऊ घातले ह्या हातानं. देवापुढं ठेवले." ती रडली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं भट्टी पेटवली नाही. हात दुखतो म्हणाली. वडील भोकरदनहून तयार खवा आणायला लागले.

इकडे माझ्या नावाची गोळ्यांची पेटी अंगणवाडीत आली. उपचाराची रीत तेव्हा नवी होती. गोळ्या घरी द्यायच्या नाहीत. आठवड्यातून तीनदा रोग्यानं यायचं, बाईंसमोर गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं होतं. खूप देशांत खूप वर्षं अभ्यास झाले, त्यात दिसलं की औषध चांगलं असतं, पण लोकांना जरा बरं वाटलं की ते सोडून देतात, आणि अर्धवट औषधानं जंतू मुरतात. म्हणून समोर गिळायचं. अभ्यास करणाऱ्यांनी सगळ्यांचा विचार केला होता, विसरणाऱ्यांचा, कंटाळणाऱ्यांचा, दारू पिणाऱ्यांचा. माझ्या आईचा विचार करायचा मात्र राहून गेला होता.

कारण आईचा हिशोब सरळ होता. दुखणं तिला, गोळ्या माझ्या नावावर. "तू आण," ती म्हणाली, "म्या खाते."

आता बाई समोर बसलेल्या असताना मूठभर गोळ्या आणायच्या कशा? काही गिळायच्या आणि काही गालात ठेवायच्या. पाणी पिऊन तोंड उघडायचं, जीभ वर करायची, आणि गोळ्या वरच्या दाढेमागं सरकवायच्या. मी त्यात तरबेज झाले. अंगणवाडीतून निघायचं, ओठ मिटून, वाटेत कोणी हाक मारली तर नुसती मान हलवायची. घरी आले की आई मागच्या दाराशी उभीच असायची. मी तिच्या तळहातावर गोळ्या काढायची, ओल्या, कडेनं विरघळलेल्या, कडू. पहिल्यांदा मी म्हणाले, "थांब, धुऊन देते." ती म्हणाली, "धुऊ नको, औषध जाईल." आणि भिंतीकडे तोंड करून तिनं त्या गिळल्या. मला माझ्याच तोंडाची किळस आली. आपल्या आईला आपलं उष्टं औषध खायला लागतंय, आणि तेही चोरून, याची लाज मला अशी वाटली की मी जेवले नाही.

आई मात्र हरखली होती. एकदा तिनं मला कोपऱ्यात बोलावून कानात सांगितलं, "लघवी लाल व्हून राह्यली. डॉक्टरीण म्हणली व्हती ना तसंच. लागू पडून राह्यलं औषध." माझीही लाल होत होती. ते मी कशाला सांगू?

आठवड्यातून तीनदा लग्नाची मुलगी अंगणवाडीत काय करते, हे गावाला कळायला वेळ लागला नाही. अंकुशनगरला गाव पोचण्याआधी गावाचं तोंड पोचलं. मध्यस्थ आला, चहा न घेता बसला आणि म्हणाला, "ते लोक म्हणतात, सध्या थांबू. पोरीला पहिले बरं वाटू द्या." थांबू म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. तो चहा का घेत नाही तेही कळत होतं. वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुठं तरी जाऊन हे घेऊन आले होते. आई दारामागं होती. मध्यस्थ गेल्यावर तिनं दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, एकदाच, जोरात.

त्यानंतरच्या सोमवारी पितळ उघडं पडलं. गोळ्यांमध्ये एक लाल कॅप्सूल असायची. ती कधी मी गिळायची, कधी आईसाठी ठेवायची; त्या दिवशी ती गालात फुटली. मी तोंड उघडलं तेव्हा जीभ, दात, ओठाची कड, सगळं शेंदरी झालं होतं.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढं तळहात धरला. मी उरलेल्या गोळ्या त्यावर काढल्या.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

अंगणात पोरं यायला लागली होती, आणि मी तोंड रंगवून त्यांच्यासमोर उभी. जमीन दुभंगेल तर बरं असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"काकूंसाठी ना?" बाई म्हणाल्या. "चल."

त्या मला हाताला धरून घरी घेऊन आल्या. आईनं माझं तोंड बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता सगळं सांगून टाकलं. डबी, बेडका, भट्टी, गोळ्या, सगळं. वडील ऐकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आन् माझे पेढे?"

मला वाटलं होतं आई आता खचेल. उलट तिच्या अंगात बळ आलं. भर दुपारी ती वडिलांशी भांडली. "दुकान गेलं तर जाऊ द्या. म्या सोता जाते अंकुशनगरला. सांगते की पोरगी बराबर हाय, रोग माझ्यात हाय. बेडका माझा व्हता." बाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "मॅडम गुरुवारी येऊन राह्यल्या. पहिले दोघींचं आपापलं तपासू. हिचं साफ निघालं की मंग खुशाल जा सांगायला." आईला ते पटलं. ह्या वेळी मी माझा स्वतःचा बेडका दिला. खोकताना आई माझी पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "जोरानं, पोरी, जोरानं. आता काही भ्यायचं न्हाई."

निकालाच्या दिवशी आई लुगडं बदलून आली. इथूनच परस्पर एसटी धरायची, असं तिच्या मनात होतं. अंगणवाडीत लहान मुलांच्या सतरंजीवर आम्ही दोघी बसलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांनी चष्मा काढला.

"दोघींना आहे," त्या म्हणाल्या.

आई हसली. तिला वाटलं, यांचा पुन्हा घोटाळा झाला. "तसं न्हाई मॅडम. तिच्या नावावर व्हता तो माझाच व्हता."

"तो तुमचा होता. हा तिचा आहे. कुणाचं कुणाला लागलं ते आता सांगता येत नाही. पण तिलाही तेव्हापासूनच असणार. गोळ्या तिला लागतच होत्या." मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "अर्ध्या तिनं खाल्ल्या, अर्ध्या तुम्ही. त्यामुळे दोघींचंही औषध पुन्हा पहिल्यापासून, आणि आता इंजेक्शनंही घ्यावी लागतील."

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती सतरंजीवरच्या रंगीत अक्षरांकडे बघत होती. इतके दिवस सगळं दुखणं आपल्या एकटीच्या अंगात आहे, पोरगी सुटली आहे, एवढ्याच आधारावर ती उभी होती. मोडलेलं लग्नसुद्धा तिनं त्यावर सोसलं होतं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो काढून घेतला आणि पदर तोंडाला लावला.

"तुझ्याच तोंडातलं काढून खाल्लं गं म्या," ती म्हणाली.