तणमोराचं कार्ड

माझी सासू म्हणायची, "आमच्या सूनबाईले देवानं समोर येऊन प्रसाद देल्ला, तरी ते आधी उलटापालटा करून पाहीन." खोटं कशाला सांगू, होतेच मी तशी. मी मलकापूरची. माहेरी कापसाचा व्यापार, आणि गाडीतल्या बोंडाखाली ओला कापूस दडवून आणणारे लोक लहानपणापासून पाहिलेले. समोरचा माणूस काहीतरी दडवतोय असं धरूनच आमचे वडील बोलायला बसत. तेच वळण मला लागलं. लग्न होऊन मेहकर तालुक्यातल्या या गावात आले आणि महिन्याभरात मी घरात जाहीर करून टाकलं, की आपली गाय संध्याकाळी दूध कमी देते, म्हणजे ढोरकी तिला रानातच पिळून घेतो.

ढोरकी म्हणजे गावाची गुरं राखणारा. आमचा ढोरकी साठीच्या पुढचा, काटकुळा, बायको गेलेली, एकुलती लेक देऊळगाव राजाला दिलेली. सकाळी सगळ्या गावाची गुरं घेऊन रानात जायचा, दिवस मावळताना परत आणायचा. त्याबद्दल सुगीला घरटी ज्वारी मिळायची, ज्याची जितकी ढोरं तितकी. माझा आरोप त्याच्या कानावर गेलाच असणार, गावच ते. पण तो मला काही बोलला नाही, आणि बोलला नाही म्हणून माझा संशय पक्का झाला.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. जमीन किती ठेवायची याचा कायदा नवा होता, त्यामुळे वही घेऊन गावात शिरणाऱ्या माणसाला लोक पाणी द्यायचे तेसुद्धा विचार करून. अशात एक साहेब आले. कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे आणि उजाड रान परत कसं उभं करता येईल याचा अभ्यास करायचे. आमच्या गावची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरांसाठी सोडलेली सरकारी पडीत, चरून चरून टक्कल झाली होती. तिचा अर्धा भाग त्यांनी दोन पावसाळ्यांसाठी बंद करायचा ठरवला. भोवती चर खणला, बांधावर घायपात लावली, आत गवताचं बी टाकलं. सासरे सरपंच होते, त्यांनी कशीबशी संमती दिली.

मग साहेब म्हणाले, आता पाखरं मोजायची. चावडीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. साहेबांनी शांतपणे समजावलं: आत पाखरं वाढली, तर रान सुधारतंय हे त्यावरून कळेल. आणि तणमोर आला, तर मग विचारायलाच नको. तो पक्षी उंच, दाट गवताशिवाय विणीला येत नाही. "तणमोर दिसला की मला लगेच कार्ड टाका. मी स्वतः येऊन बघेन. तो असेल तर हे रान आणखी पाच वर्षं बंद ठेवू, आणि उरलेलं अर्धंही बंद करायला लावू."

"मंग तणमोरालेच सरपंच करा," मागून कोणीतरी म्हणालं.

मोजायचं काम बिनपगारी होतं. हे कळल्याबरोबर गावातल्या एकूण एक पुरुषाला शेतीची कामं आठवली. सासऱ्यांची पंचाईत झाली आणि ते बोलून गेले, "आमची सून सातवी फायनल पास आहे." झालं! मला तितर आणि लावा यांतला फरक कळत नव्हता. साहेबांनी विचारलं, पाखरं ओळखणारं कोण आहे? सगळ्यांनी एकच नाव घेतलं, ढोरक्याचं. तोही लगेच तयार झाला.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. रान बंद झाल्यापासून लोकांनी ढोरं कमी केली होती, काहींनी दावणीलाच बांधली होती, म्हाताऱ्याची ज्वारी अर्ध्यावर आली होती. उरलेलं रानही गेलं, तर त्याला लेकीच्या दारात जाऊन बसावं लागणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. पाखरं वाढली तर त्याचं नुकसान, घटली तर फायदा. असा माणूस फुकट पाखरं मोजायला का येतो? मी नवऱ्याला म्हटलं, "याच्यात काहीतरी पाणी मुरतंय." नवरा म्हणाला, "तुले कोठं मुरत नाई ते सांग."

दर रविवारी सूर्य उगवताना आम्ही चराच्या कडेनं कोपऱ्यातल्या बाभळीपासून नाल्यापर्यंत चालायचो. सोबतीला सासूबाई यायच्या आणि अर्ध्या वाटेत बोरीखाली बसून घ्यायच्या. म्हातारा पुढे, मी कागद घेऊन मागे. तो हळू आवाजात सांगायचा, "चंडोल, दोन. होला. तितर बोलला, दिसला नाई, लिवू नका." दिसल्याशिवाय तो लिहू द्यायचा नाही. एकदा चार लावे भुर्रकन उडाले आणि पुढे जाऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा चार उडाले. मी आठ लिहिले. तो म्हणाला, "तेच हायेत ते, सूनबाई. चारच लिवा." मी चार लिहिले, पण मनात म्हटलं, बघा, आकडा कसा खाली आणतोय! असं दोन-तीनदा झाल्यावर मी गुपचूप घरी येऊन एखादा आकडा वाढवायला लागले. त्यानं पाडलेली तूट भरून काढते आहे, अशी माझी समजूत होती. आता सांगताना कान गरम होतात, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात एका दुपारी तो आमच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. गुरं कोणाच्यातरी भरवशावर टाकून आला होता. असं तो कधी करत नसे.

"सूनबाई, तणमोर आला."

"कुठे?"

"बंद रानात, नाल्याकडच्या अंगाले. गवतातून उड्या मारून राह्यला. चार दिस झाले, पाहून राह्यलो."

"चार दिवस? मग आज सांगायला आलात?"

तो खाली बघून म्हणाला, "सांगू का नोको, तेच चाललं होतं मनात. सांगतलं तं माह्यं रान गेलं. मंग मनलं, आपुन कबूल झालो साहेबाले, मोजतो मनून. दिसलं ते सांगाच लागते."

इतकं सरळ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला नाही. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेतो? मी पदर खोचला, सासूबाईंना उठवलं आणि म्हटलं, दाखवा. पाऊण-एक तास आम्ही चराशी उभे होतो. वरून भुरभुर, खाली चिखल, सासूबाईंचं तोंड सुरू. गवत हललंसुद्धा नाही. म्हातारा ओशाळून म्हणाला, "दुपारी नाई करत तो. सकायी नाई तं दिवस बुडता या."

मी पुन्हा गेले नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळा डाव उलगडला होता. कार्ड गेलं की साहेब दोन एसट्या बदलून धावत येणार. इथे काहीच दिसणार नाही. मग ते चिडणार, आणि एक गोष्ट खोटी निघाली की दीड वर्षाचे सगळे कागद खोटे ठरणार. रान मोकळं, म्हातारा खुश. वा रे वा! मला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याला पकडल्याचा आनंद झाला, असंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी तो वाटेत भेटला. "टाकलं काय कार्ड?"

"टाकलं," मी म्हणाले. कोरं कार्ड घरात फळीवर पडलं होतं. तो काय करतो ते बघायचं होतं मला. तो रोज विचारायला लागला, "साहेबाचं काई आलं? काऊन नाई आले अजून? तो पक्षी काई जलमभर थांबत नाई, सूनबाई." जितका तो विचारायचा तितकी माझी खात्री वाढायची. रविवारच्या फेरीत आम्हाला तो पक्षी दिसला नाही, कारण लागोपाठ दोन रविवार इतका पाऊस पडला की चराजवळ जाताच आलं नाही. हेही मी त्याच्याच खात्यावर टाकलं. पावसाचं खापर त्याच्या डोक्यावर कसं फोडलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पोळा झाल्यावर साहेब ठरल्याप्रमाणे रानाचा निकाल लावायला आले. दुपारच्या एसटीनं आले आणि त्याच एसटीच्या परतीनं जाणार होते. आधी आमच्या ओसरीवर चहा झाला. कागद चाळत ते म्हणाले, "पाखरं थोडी वाढलेली दिसतात, पण यावर मी पाच वर्षं मागू शकत नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तणमोर?"

ढोरक्याचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते काढलं असतं, तर पुढचा प्रश्न कार्डाचा होता, आणि दारात सासरे उभे होते. "मला दिसला नाही," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. चावडीत मग फार बोलणं झालंच नाही. लोकांना रान हवं होतं, साहेबांकडे ते नाकारायला काही नव्हतं. म्हातारा गुरांमागे होता. दिवसा ढोरकी चावडीवर कसा असणार?

आठवड्याभरात चर दोन ठिकाणी बुजवला. गुरं आत गेली त्या सकाळी मी चराला लागून असलेल्या आमच्या वावरात निंदायला बसले होते. आभाळ भरलेलं होतं. बेडूक ओरडावा तसा एक टरर्र आवाज आला, म्हणून मान वर केली. नाल्याकडच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला, पुरुषभर उंच. पंखांवर पांढरं, डोक्यामागे दोन्ही बाजूंना वळलेले तुरे. क्षणभर हवेत फडफडला आणि गवतात पडला. मला वाटलं, भास झाला. पुन्हा उसळला. पुन्हा. पाचव्यांदा माझ्या हातून विळा गळाला. साहेबांनी चित्र दाखवलं होतं, त्यामुळे शंकेला कुठे जागाच नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदा मला शंका हवी होती.

गुरं त्याच बाजूला पांगली होती, आणि म्हातारा काठी घेऊन धोतर सावरत त्यांच्यापुढे धावत होता. दोन वर्षांनी मिळालेलं ते गुडघाभर गवत, गुरं हावरटासारखी तोंड घालत होती, आणि हा एकटा त्यांना तिथून मागे लोटत होता. "हट्! हट् बे! तिकडं!" सगळी वळवून झाल्यावर तो धापा टाकत माझ्याकडे आला. चेहरा नुसता फुललेला.

"पायलं ना, सूनबाई? आता तं पायलं ना तुमी?"

"पाहिलं."

"झाक हाय ना?" तो बांधावर टेकला. मग हळूहळू त्याचं हसू गेलं. "साहेबाले खरं नसन वाटलं. ढोरक्याचा शबूद. अन् मी उगाच काईबी सांगतो, असंही वाटलं असन त्याईले. रान भेटलं मले, नाई मनत नाई. पण असं नोको होतं भेटाले."

हीच वेळ होती. कार्ड अजून फळीवर होतं, पक्षी अजून उड्या मारत होता, साहेब चार दिवसांत येऊ शकले असते. पण ते आले की सगळं उघडं पडणार होतं, सासऱ्यांपुढे, गावापुढे, या म्हाताऱ्यापुढे. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

"तुमचा काय दोष त्यात," तोच मला म्हणाला. "तुमी तं डोयानं न पाहता कार्ड टाकलं. माह्या नुसत्या सांगण्यावर. गावात दुसरं कोणी टाकलं असतं?"

मी विळा उचलला आणि निंदायला लागले.

दिवाळीपर्यंत त्यानं त्या तुकड्यात एक जनावर जाऊ दिलं नाही. मग गावकरीच ओरडले, तेव्हा त्याचं काही चाललं नाही. पुढच्या श्रावणात मी आठ-दहा सकाळी चराशी जाऊन उभी राहिले, एकटी. तणमोर आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

म्हातारा त्यानंतर नऊ वर्षं जगला. शेवटपर्यंत पारावर, लग्नात, बाजारच्या वाटेवर, जो भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "सरपंचाची सून तेवढी माणूस वयखते." माणसं ओळखणारी म्हणून लोक माझ्याकडे आदरानं बघायचे, आणि मी त्याला एकदाही अडवलं नाही.